रडकीची तोंडं

धाटावच्या केमिकल कंपनीत थंड हवेच्या दोनच खोल्या होत्या. एक साठ्येसाहेबांची, कारण ते फॅक्टरी मॅनेजर होते. दुसरी हैबतरावाची, कारण तो पंपांची तोंडं घासायचा. बाकीची सगळी कंपनी, म्हणजे ऑपरेटर, फिटर, हेल्पर आणि गेटवरचं कुत्रं, रोह्याच्या उकाड्यात आणि ॲसिडच्या वासात शिजत पडलेली असायची.

ही तोंडं काय भानगड आहे ते आधी कळलेलं बरं. पंपाच्या पोटात माल असतो आणि तो ढकलणारा दांडा बाहेरच्या मोटरीला जोडलेला असतो. दांडा जिथनं बाहेर येतो तिथं पंपाला भोक आलंच, आणि भोक आलं की माल गळणार. तो गळू नये म्हणून तिथं दोन कड्या बसवतात. एक पंपाच्या अंगाला धरून गप बसलेली, दुसरी दांड्याबरोबर गरगरणारी. मागनं स्प्रिंग रेटा देते आणि दोघी तोंडाला तोंड लावून दिवसरात्र घासत राहतात. ह्या सगळ्या कारभाराला साहेब लोक मेकॅनिकल सील म्हणायचे. कामगार नुसतंच तोंड म्हणायचे. ‘तीन नंबरचं तोंड गेलं’, ‘साहेबाचं तोंड घासायला आलंय’, असलं काही नवख्या माणसाच्या कानावर पडलं की तो दचकून बघायचा.

साध्या पाण्याला कसलंही तोंड चालतं. पण इथं माल म्हणजे गरम ॲसिड, आणि त्यात साखरेच्या दाण्यासारखे खडे. दोन तोंडांच्या फटीत एक दाणा शिरला की नांगर फिरल्यागत चरा पडायचा. म्हणून ही तोंडं कार्बाइडची, कानस लावली तर कानसच झिजावी इतकी कडक. आणि ती अशी घासायची की दोघींच्या मधे मालाचा नुसता ओलावा रहावा, दाण्याला वाट मिळू नये.

असलं नाजूक काम हैबतरावाला मिळालं ते गणपतीच्या पोटामुळं.

हैबतराव मूळचा पेणजवळच्या हमरापूरकडचा. कंपनीत हेल्पर म्हणून लागला होता, पण चैत्र लागला की त्याची आजारपणं सुरू व्हायची आणि तो पेणला गणपतीच्या कारखान्यात सापडायचा. मूर्ती साच्यातनं निघाली की तिच्या अंगावरचे सांधे, खडबड, हवेचे फोड काढून ती गुळगुळीत करायची, हे त्याचं काम. ओल्या फडक्यानं आणि शेवटी अंगठ्यानं. डोळ्यांची आखणी करणारा कारागीर वेगळा, त्याचा मान मोठा. पण पोटावरून आणि सोंडेवरून हात फिरवावा तो हैबतरावानंच.

एका साली साठ्येसाहेब कंपनीचा गणपती ठरवायला पेणला गेले. मूर्तीच्या पोटावर त्यांनी हात ठेवला, तो घसरून मांडीवर आला.

“काय सफाई आहे,” साहेब बोलले.

मागं पांढऱ्या भुकटीत न्हालेला बनियनवाला माणूस उभा होता. तो बोलला, “माझा अंगठा हाय तो, साहेब.”

साहेबांनी निरखून पाहिलं. त्या आठवड्यात ज्या हेल्परला काविळीची रजा मंजूर झाली होती, तोच हा. दुसरा कुणी असता तर नोकरीवरनं काढला असता. पण साठ्येसाहेब मोठ्या कॉलेजातनं शिकून आलेले, त्यांना दूरचं दिसायचं. पंपांची तोंडं घासायला कंपनीत धड माणूस नव्हता, आणि हा तर जन्माचा घासणारा. हैबतरावाची कावीळ जागेवर बरी झाली आणि तो सील-खोलीत जाऊन बसला.

खोलीत धूळ चालत नाही, म्हणून थंड हवा. हैबतरावानं त्यात स्वतःचे कायदे घातले. चपला बाहेर काढायच्या, विडी बाहेर, मोठ्यानं बोलणं बाहेर. अंगात पांढरा कोट घालून तो ओतीव लोखंडाच्या तबकावर हिऱ्याच्या भुकटीची पेस्ट लावायचा आणि कडी पालथी घालून घासत बसायचा. इतपर्यंत ठीक होतं. पण तबकावरनं निघालेलं तोंड कसं असतं, तर मंद, करडं, राख फासल्यागत. ते हैबतरावाला बघवत नसे. अशी मूर्ती पेणात कुणी विकत घेतली नसती. मग तो ती कडी मांडीवर घ्यायचा, मऊ फडकं गुंडाळायचा आणि अंगठ्यानं गोल गोल चोळत रहायचा. तासाभरानं त्या कार्बाइडमध्ये त्याच्या मिशा दिसायला लागायच्या.

साहेब खूश. मुंबईहून पाहुणे आले की साहेब त्यांना सील-खोलीत आणायचे, कडी हातात देऊन म्हणायचे, “बघा, चेहरा दिसतो.” पाहुणे चेहरा बघायचे, केस सारखे करायचे, कडी परत द्यायचे.

फक्त ती तोंडं टिकत नसत, एवढंच.

तिसऱ्या प्लँटमधल्या मोठ्या पंपाला कामगार रडकी म्हणायचे. सगळ्यात गरम, सगळ्यात खडेदार माल तिच्या वाट्याला. हैबतरावाचं आरशासारखं तोंड तिला बसवलं की चार दिवस ती गप असायची, मग दांड्याजवळ एक थेंब, मग धार. मग हैबतराव घरी असला तर कंपनीची जीप निघायची. नागोठणं, गडब करत ती हमरापूरच्या पारासमोर थांबायची आणि ड्रायव्हर ओरडायचा, “हैबतराव, साहेबांनी बोलावलंय, पंप अडलाय.” हैबतराव मुद्दाम उशिरानं बाहेर यायचा. गावानं नीट बघून घ्यावं म्हणून.

“माझ्याबिगर त्यांचं पान हलत नाय,” तो बायकोला सांगायचा.

हौसा चुलीपुढनं बोलायची, “तुमी हलवून येता आनि परत आडतं. आसलं कसलं काम?”

“गो, तुला त्यातलं काय कळतंय.”

आणि तोंड का गेलं, ह्याची कारणं हैबतरावाकडं तयार असायची. ऑपरेटरनं वॉल्व झटक्यात उघडला. फिटरनं कडी वाकडी बसवली. मालात खडे जास्त. बेअरिंग पिचकं. एकदा तर अमावस्या निघाली. अंगठा मात्र कधीच निघाला नाही.

मग एका दुपारी रडकी नुसती रडली नाही, थुंकली. ऑपरेटर शिवा बाजूनं चालला होता. गरम ॲसिडची पिचकारी त्याच्या बुटात गेली आणि बूट काढला तेव्हा पायाची सालटी बुटाबरोबर निघाली. हैबतराव दवाखान्यात त्याला बघायला गेला, पोटात अपराध नव्हता, हातात मोसंबी होती.

“तू वॉल्व झटक्यात उघडला आसशील,” तो बोलला.

शिवा पाय टांगून पडला होता. “दादा, मी वॉल्वच्या जवल नव्हतो. मी मुतायला चाल्लो होतो. तुज्या तोंडानं माजा पाय खाल्ला.”

आता साहेबांना काहीतरी करणं भाग होतं. त्यांनी पुण्याहून सील बनवणाऱ्या कंपनीचा माणूस बोलावला. देवधर त्याचं नाव. बारीक, चष्मेवाला, हातात एक पेटी. पेटीत नारिंगी उजेडाचा दिवा आणि जाड काचेची चकती. देवधर चपला काढून आत आला, त्यामुळं हैबतरावाला तो बरा वाटला. मागोमाग साहेब आणि फिटर नझीर.

हा नझीर कोलाडच्या वाटेवरच्या गावचा. कुवेतला तेलाच्या कंपनीत पंपांवर होता, लढाई पेटली तेव्हा बायकापोरं आणि एक टेपरेकॉर्डर घेऊन परत आला. कामाला चांगला, पण त्याचं प्रत्येक वाक्य कुवेतहून निघायचं. त्यामुळं तो खरं बोलला तरी कुणी ऐकत नसे.

देवधरनं आपल्याकडची एक कडी दिव्याखाली ठेवली, वर काच ठेवली. कडीच्या तोंडावर काळ्या रेघा उमटल्या. सरळ, एकसारख्या अंतरावर, लावणीच्या दोरीवर रोपं लावल्यागत. “आता तुमची,” तो बोलला.

हैबतरावानं आपली सगळ्यात चकचकीत कडी फडक्यातनं काढून दिली. काच ठेवली. तिच्यावर रेघा वळल्या, वाकल्या आणि गोल गोल फिरून एकात एक बसल्या.

हैबतरावाची छाती फुगली. त्यानं साहेबांकडं पाहिलं. “बगा साहेब. त्यांच्या तोंडावर नुसत्या रेघा हाईत. आपल्या तोंडावर चक्रं उमटली.”

साहेबही पुढं वाकले. “खरंच की. किती सुंदर.”

देवधरनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. “साहेब, सरळ रेघा म्हणजे तोंड सपाट. गोल रेघा म्हणजे तोंडाला पोट सुटलंय. ह्याच्या कडा मेल्यात. कडेला फट राहते, त्यात खडा शिरतो. बाकी चकाकी उत्तम आहे, दाढी करायला चांगली.”

नझीर हसला. “आमच्या कुवेतला आसल्या कडीवर चाय ठेवायचे.”

“तू गप रं,” हैबतराव बोलला. “चक्र वाईट आनि रेघ चांगली, हे कुठल्या शास्त्रात हाय?”

ते रडकीच्या शास्त्रात निघालं. देवधरची मंद, राखेच्या रंगाची कडी नझीरनं रडकीला बसवली. हैबतराव रोज जाऊन तिच्या दांड्याखाली बोट लावून बघायचा. आठवडा गेला, दुसरा गेला, बोट कोरडंच. इतकं मंद, इतकं अवकळा आलेलं तोंड, आणि रडकी हूं का चूं करीना.

साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. ते वाईट बोलले नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की आता सगळी तोंडं पुण्याला घासायला जातील, दसऱ्यानंतर सील-खोली बंद, आणि हैबतरावानं यार्डात जायचं. यार्ड म्हणजे नळांच्या सांध्याखाली साचलेला खार पहारीनं फोडायचं काम. वर ऊन, खाली ॲसिडचा वाफारा. तिथली माणसं पन्नाशीत खोकत घरी जायची.

हैबतरावाच्या डोळ्यांपुढं पांढरा कोट आला, थंड हवा आली, दाराबाहेर चपला काढून उभा असलेला सगळा तिसरा प्लँट आला. तो साहेबांना बोलला, “दसऱ्यापरेंत मला वेल द्या. रेघा तर रेघा. मी सरळ काढून दावतो.”

बोलून तर बसला, पण रेघा सरळ येईनात. तबकावर घासली की वाकड्या, जास्त घासली की आणखी वाकड्या. देवधर जाताना काच आणि दिवा ठेवून गेला होता. ती काच हैबतरावाला रोज नापास करायची. शेवटी त्यानं दार लावून घेतलं आणि नझीरला आत बोलावलं. चपला काढायला सांगितलं नाही, यावरनं प्रकरण कुठवर गेलं होतं ते समजावं.

नझीरनं तबकावर पोलादी पट्टी उभी धरली. मधे उजेड दिसला. “हैबतदादा, तुज्या तबकाला खड्डा पडलाय. इतकी वर्षं मधोमधच घासतोस. पाटा मधे खपला तर वाटण सपाट कसं होईल? आमच्या कुवेतला तबक रोज फिरवून घासायचे. पयलं हे सपाट कर.”

“आनि मंग?”

“मंग ह्याला आवर.” नझीरनं त्याच्या अंगठ्याकडं बोट केलं. “हा बसला गप, तर तुजं काम हुईल.”

तबक सपाट करायला घाम लागला, तो हैबतरावाकडं होता. अंगठ्याचं मात्र कठीण. कडी तबकावरनं उचलली, पुसली की अंगठा आपोआप तिच्यावर गोल फिरायला लागायचा. हैबतराव बोलत असला तरी फिरायचा, साहेबांची वाट बघत असला तरी फिरायचा. सगळा जन्म गणपतीच्या पोटावर गेलेला अंगठा, त्याला कार्बाइड काय आणि शाडू काय. शेवटी हैबतरावानं लुगड्याची चिंधी घेतली आणि अंगठा तळव्याला बांधून टाकला.

घरी तो तसाच गेला. हौसानं विचारलं, “काय कापलं का काय?”

“नाय. शिस्त लावतोय.”

“अंगठ्याला? लगीन झालं तवाच जिबंला लावली आसती तर.”

दसऱ्याच्या आधी एका सकाळी काचेखाली रेघा सरळ आल्या. सगळ्याच्या सगळ्या. कडी मंद, करडी, तोंड न दिसणारी. हैबतराव तिच्याकडं बघत बसला. मग त्यानं काच उचलून परत ठेवली, जागा बदलून ठेवली, कडी फिरवून ठेवली. रेघा सरळच. त्यानं अंगठा सोडला नाही.

देवधरची काढून ती कडी रडकीला बसवली आणि रडकी गपच राहिली. दुसऱ्या पंपांची तोंडंही तो घासत गेला. खोली राहिली. साहेबांनी पाठीवर थाप मारली, आणि इथनंच हैबतरावाचा पडता काळ सुरू झाला.

कारण आता काहीच गळेना. जीप हमरापूरला यायची बंद झाली. पारावरची माणसं विचारू लागली, “काय, कंपनीनं काडलं का?” पाहुणे आले की साहेब कडी पुढं करायचे, पाहुणा तिच्यात चेहरा शोधायचा, सापडायचा नाही, आणि तो घड्याळ बघायचा. पुढं पुढं साहेबांनी पाहुण्यांना सील-खोलीकडं आणणंच सोडलं. कॅन्टीनच्या नव्या टाइल्स दाखवायचे. हैबतराव मात्र आता दुसऱ्याच नादाला लागला होता. जो भेटेल त्याला आत ओढायचा, दिवा लावायचा, काच ठेवायचा आणि बोलायचा, “रेघ बग. कुठं वाकलीय का सांग.” चहावाल्याला सांगायचा. युनियनवाल्यालाही सांगायचा. चकाकणाऱ्या वस्तूंबद्दल त्याच्या मनात घृणा बसली. गणपतीत गावच्या मूर्तीकडं बघून तो बोलला, “पोट लई चोळलंय,” तेव्हा आजूबाजूच्यांनी कानावर हात ठेवले.

वर्ष उलटलं. एका दुपारी साठ्येसाहेब खोलीत आले. चपला काढायला विसरले. मागनं दोन माणसं खोलीची मापं घेत आली.

“हैबतराव, रडकीचं सील शेवटी कधी आलं होतं घासायला?”

“आलंच नाय, साहेब.”

“दोन नंबरचं?”

“ते बी नाय.”

साहेबांनी टेबलावरनं नजर फिरवली. टेबल स्वच्छ होतं. “मग तुम्ही दिवसभर इथं करता काय?”

हैबतरावाला आधी प्रश्न कळला नाही. “ती गळत नाईत ना,” तो बोलला, “तेच करतो.”

साहेब हसले, भल्या माणसानं हसावं तसं. मग त्यांनी समजावून सांगितलं. कंपनीत कॉम्प्युटर येतोय. त्याला थंड हवा लागते, धूळ चालत नाही. सील पूर्वी फार जायची तेव्हा ह्या खोलीची गरज होती, आता ती जात नाहीत, तेव्हा गरज उरली नाही. हिशेब इतका सरळ होता की त्याच्यावर काच ठेवून बघायचीही गरज नव्हती. कधी एखादं सील गेलंच तर पुण्याला पाठवता येईल. हैबतरावानं सोमवारपासून यार्डात जावं.

साहेब गेल्यावर नझीर आला. त्याच्या हातात रडकीसाठी ठेवलेली जादा कडी होती. ती त्यानं टेबलावर ठेवली, दार लोटलं.

“दादा, आमच्या कुवेतला एक फिटर होता…”

“कुवेत सोड, बोल.”

“हिच्यावर एकदा जुना अंगठा फिरव. फकस्त एकदा. दुरुस्तीला रडकी उद्या बंद हाय. मी बसवून टाकतो. चार दिसांत रडंल. साहेब बोंबलत येईल, कॉम्प्युटर जाईल कॅन्टीनला, आनि तू आपला थंडीत. कुनाला काय कळनार नाय.”

हैबतरावानं कडी हातात घेतली. अंगठ्याची चिंधी सोडली. इतके दिवस बांधून अंगठा बारीक झाला होता, पण कडीवर टेकल्याबरोबर त्याला जुनी वाट आठवली.

शिवाच्या पायाचा विचार हैबतरावाच्या मनात आला की नाही, सांगता येत नाही. आला असता तर तो बोलून दाखवला असता. आपला चांगुलपणा पोटात ठेवणाऱ्यांतला तो नव्हता. त्यानं दिवा लावला, कडी खाली ठेवली, वर काच ठेवली. रेघा उमटल्या. तो वाकून बघत राहिला.

“ह्या मोडू?” तो बोलला.

“मोड की. परत काडशील.”

“आनि ही कडी कधी पुन्याला गेली, त्या देवधरनं काच ठेवली, आनि गोल रेघा दिसल्या, मंग? तो बोलंल, हैबतराव अजून तिथंच हाय. चाय ठेवायचं तोंड घासतोय.”

“तुला देवधरची पडलीय? सोमवारी तू यार्डात खार फोडशील, खार.”

“फोडीन.”

“छाती जाईल तुजी.”

“जाऊ दे. पर त्या चष्म्यावाल्याच्या काचंखाली माजं तोंड वाकडं दिसायला नको.”

नझीरनं कपाळाला हात लावला. कडी उचलून खिशात घातली आणि जाताना दारात थांबला. “हैबतदादा, पयले तू चकाकीनं येडा होतास. तवा निदान खोली तरी होती.”

सोमवारी हैबतराव यार्डात गेला. पांढरा कोट त्याला परत करावा लागला; बदल्यात रबरी बूट आणि पहार मिळाली. मुकादमानं नळाखालचा खार दाखवला, गुडघाभर, दगडागत घट्ट, पिवळा. सगळे जिथं पहार लागेल तिथं मारत होते. हैबतरावानं आधी एका सुतळीचं टोक नळाच्या पायाला बांधलं, दुसरं भिंतीच्या खिळ्याला, ती ताणून घेतली, एक डोळा मिटून तिच्यावरनं बघितलं.

“हे कशाला?” मुकादम बोलला.

हैबतराव खोकला. वाफारा नाकात गेला होता. मग त्यानं सुतळीच्या कडेनं पहार घातली आणि मुकादमाला बोलला, “तुमी जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय.”